आबांच्या उशाखालचा मोबाइल

वनाझजवळची
बुधवार, रात्री ११:५२

आज आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाहीये, आणि त्याची सुरुवात माझ्या एका वाक्याने झाली. म्हणून झोप येत नाही आणि म्हणून इथे लिहितेय. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

मुलगा आठवीत, तेरा पूर्ण. आम्ही दोघंही नोकरीला हिंजवडीत. सकाळी साडेआठला घर सोडतो, परत यायला साडेसात-आठ वाजतात. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून दुपारी मुलगा शाळेतून आला की घरात तो आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. आजी गेल्यावर आबांना खोलीत एकटं झोपवेना, म्हणून मुलगा आपणहून त्यांच्या खोलीत गादी टाकायला लागला. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

मोबाइलचे नियम आमच्याकडे आहेत. त्याच्या फोनवर फॅमिली लिंक लावलंय. दिवसाला दीड तास, रात्री साडेनऊला फोन आपोआप बंद. गेल्या वर्षी सुरू केलं तेव्हा आठ दिवस रडणं, दार आपटणं, न जेवता झोपणं झालं. मग सगळं शांत झालं. मी नात्यागोत्यात सांगत होते की आईबाप ठाम राहिले की जमतं.

गेले तीन महिने मुलगा सकाळी उठत नव्हता. सहा चाळीसची बस दोनदा चुकली. पहिल्या तासाला डुलक्या घेतो असा बाईंचा निरोप आला. चष्म्याचा नंबर सहा महिन्यांत पाऊणने वाढला. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, सगळं तपासून झालं, सगळं व्यवस्थित. वयात येतोय म्हणून असेल, असं मनाला समजावलं.

काल रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर आबांच्या दाराच्या फटीतून उजेड येत होता. त्यांना बरं वाटत नाही की काय म्हणून दार लोटलं. आबा गाढ झोपलेले. मुलगा खाली गादीवर, डोक्यावरून पांघरूण घेऊन, आबांच्या फोनवर गेम खेळत होता. कानात इअरफोन. मी दारात उभी आहे हे त्याला बराच वेळ कळलंच नाही.

तेव्हा काही बोलले नाही. सकाळी बोलले. आबांना हे ठाऊक होतं. "अगं, अर्धा तास दे म्हणतो, मी देतो. मग मला झोप लागते," असं म्हणाले. फोन त्यांच्या उशाखाली असतो आणि पॅटर्न नातवानेच घालून दिलाय. मला एकदम तीन महिने आठवले. त्या तपासण्या, ती चुकलेली बस. मी म्हणाले, "आबा, तुम्ही माझ्या मुलाचं वाटोळं करताय." नवऱ्यासमोर, मुलासमोर. सोळा वर्षांच्या संसारात मी त्यांना उलट शब्द बोललेले नाही.

ते काहीच बोलले नाहीत. बोलला तो मुलगा. "आबांना काही म्हणायचं नाही. घरात आबांशी मी एकटाच बोलतो."

आबा आज जेवले नाहीत. आठलाच दार लावून पडलेत.

किती तास द्यावा, कोणतं ॲप लावावं, हे मला विचारायचं नाहीये. आबांचा फोन मी काढून घेऊ शकत नाही. मुलाला त्यांच्या खोलीतून हलवलं तर दोघंही एकटे पडतील. तुमच्यापैकी कोणाच्या घरी आजी-आजोबांच्या फोनची ही वाट निघाली होती का? काय केलंत?


तळजाई_सकाळ
गुरुवार, सकाळी ६:१०

आमच्याकडे सासूबाईंचा फोन. अगदी हेच. आम्ही फक्त त्यांनाच माहीत असलेला पिन ठेवला. त्यांच्या लक्षात राहीना, म्हणून त्यांनी तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. मुलीने वाचला. आठवड्यात पुन्हा पहिल्यासारखं. आता फोन रात्री आमच्या खोलीत असतो. सासूबाईंना ते आवडलेलं नाही, पण चालवून घेतात.


धायरीचा_बाप
गुरुवार, सकाळी ९:३५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ज्येष्ठांना वाईट वाटेल म्हणून किती दिवस गप्प बसायचं? मूल तुमचं आहे. मी रात्री दहाला राउटर बंद करतो, सगळ्यांचे फोन हॉलमधल्या कपाटात जातात, किल्ली माझ्याकडे. आई-वडिलांचेही फोन त्यातच. पहिला महिना वडील बोलले नाहीत, मग सवय झाली. तेराव्या वर्षी रात्री दोनपर्यंत जागणारा मुलगा म्हणजे व्यसनाची सुरुवात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही आता गेमिंगला आजारांच्या यादीत घातलंय. तुम्ही जे बोललात ते बरोबरच बोललात.


पेठेतली_बाई
गुरुवार, सकाळी १०:२०

धायरीकर, तुमची कळकळ समजते, पण एका गोष्टीत सावकाश घ्या. आजारांच्या यादीत आहे हे खरं. ती यादी २०१९ साली मान्य झाली आणि २०२२ पासून लागू झाली. पण तिथे खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशा अटी आहेत. तीन महिने रात्री चोरून खेळणाऱ्या मुलाला आपण घरच्या घरी व्यसनी ठरवू नये. एकदा तो शब्द घरात आला की मुलाच्या कानातून जात नाही. मी तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, 'ढ' हा एक शब्द पुढे किती वर्षं मुलं वागवतात ते पाहिलंय. पुढे खरंच गरज वाटली तर समुपदेशकांकडे जावं, पुण्यात चांगली माणसं आहेत.

आता दुसरं. वनाझजवळच्या ताई, मी स्वतः आजी आहे. माझा नातू पाचवीत आहे. तो फोन मागतो आणि मी देते. सुनेला ते आवडत नाही, मला कळतं. तरी का देते ते आज पहिल्यांदाच लिहितेय. दिवसभरात तो माझ्याकडे काहीतरी मागायला येतो तो तेवढाच. मी केलेला लाडू त्याला नको असतो. माझ्या गोष्टी त्याला ऐकून झाल्यात. फोन दिला की तो माझ्या शेजारी, माझ्या मांडीला टेकून तासभर बसतो. तो स्क्रीनकडे बघतो, मी त्याच्याकडे बघते.

हे चूक आहे. त्याच्या डोळ्यांचं नुकसान होतंय हे मला कळतं. पण तुमच्या आबांनी लाड म्हणून फोन दिला असं मला वाटत नाही. "घरात आबांशी मी एकटाच बोलतो" हे मुलाचं वाक्य तुम्ही स्वतःच लिहिलंत. त्याचं उत्तर कोणत्याही ॲपमध्ये नाही.


चष्मा_आणि_उजेड
गुरुवार, दुपारी १:०५

मी दृष्टिमापन करते, डेक्कनजवळ. नंबराबद्दल थोडं लिहिते, कारण सहा महिन्यांत पाऊण ही वाढ सोडून देण्यासारखी नाही.

मायनस नंबर वाढतो म्हणजे बुबुळामागे डोळ्याची लांबी वाढते. वाढीच्या वयात डोळाही वाढत असतो, म्हणून या वर्षांत नंबर पळतो. स्क्रीनमधून काही विषारी किरण येतात आणि नंबर वाढवतात, असं नाही. तासन्‌तास हातभर अंतरावर बघत राहणं हे एक कारण, मग ते पुस्तक असो की फोन. आणि दुसरं, ज्याच्याकडे आपलं लक्षच नसतं, ते म्हणजे बाहेरच्या उजेडाचा अभाव. दिवसाच्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामीन सुटतं आणि ते डोळ्याची लांबी वाढण्याला आवर घालतं. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड आपल्या घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. रोज दोन तास बाहेर असणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलंय. क्रिकेटच खेळायला हवं असं नाही. झाडाखाली बसून गप्पा मारल्या तरी उजेड तोच.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी विचारते, काल उजेडात किती वेळ होतास? बसच्या थांब्यावरची दहा मिनिटं, एवढंच उत्तर अनेकदा मिळतं. शाळा बंद वर्गात, क्लास तळमजल्यावर, सोसायटीत पार्किंगमध्ये खेळू नये अशी पाटी.

तुम्ही एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवा. नंबराची धाव कमी करायला कमी तीव्रतेचे ॲट्रोपिनचे थेंब देतात, काही वेगळ्या काचाही मिळतात. ते डॉक्टर तपासून ठरवतील. आणि अंधारात, पांघरुणात, नाकाशी फोन धरून बघणं हे सगळ्यात वाईट. अंतर आणखी कमी होतं.


रिक्षा_वारजे
गुरुवार, दुपारी ३:४०

स्टँडवर बसून वाचतोय. माझं थोडं वेगळं आहे, चालेल ना?

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरात फोन एक. तो माझा, आणि माझा धंदाही बंद. दोन मुलं, दोघांचे वर्ग एकाच वेळी. थोरलीची सातवी अर्धी तशीच गेली. शाळेतून फोन यायचा, मुलगी हजर का नाही. शेवटी हप्त्यावर आठ हजारांचा फोन घेतला. पोरांना हात जोडून सांगितलं, फोन सोडू नका, अभ्यास बुडेल. तीच पोरं, तोच फोन, आणि आता मी ओरडतो फोन ठेवा म्हणून. लहाना मला म्हणाला, पप्पा तुम्हीच म्हणाला होता सोडू नका. त्याला काय उत्तर देऊ?

गृहपाठ अजून व्हॉट्सॲपवर येतो, रात्री साडेआठला. फोन दिला नाही तर गृहपाठ नाही. दिला तर गृहपाठानंतर रील. आमची खोली दहा बाय बारा. मैदान लांब, मधे हायवे. मी अकराला येतो. बायको चार घरची कामं करून येते. पोरगं खोलीत गप्प बसलंय याचंच तिला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

रात्री दहाला बायको फोन ज्वारीच्या डब्यात ठेवते आणि डबा आपल्या उशाशी. थोरली त्याच फोनवर बघून ब्लाउज शिवायला शिकली, आता शेजारणींचे शिवते. म्हणून फोन वाईट असं मी म्हणणार नाही.


वनाझजवळची
गुरुवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. पेठेतल्या बाई, तुमचा प्रतिसाद ऑफिसात वाचला आणि मला उठून बाहेर जावं लागलं. रिक्षा_वारजे, चालेल काय, तुम्ही लिहिलंत ते आमच्याकडेही झालंय. २०२० मध्ये हा दुसऱ्या इयत्तेत होता. मी मीटिंगमध्ये असताना त्याने मधे बोलू नये म्हणून त्याच्या हातात टॅब मीच दिला होता, वर्ग संपल्यावरही.

आज आबा सकाळी चहाला आले. "काल फोन मी द्यायला नको होता," एवढंच म्हणाले आणि फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, आबा, फोन रात्री आमच्याकडे ठेवतो. तेव्हा आबांचा चेहरा एकदम उतरला. रात्री फोन जवळ हवाच, असं म्हणाले. कारण सांगेनात.

संध्याकाळी नवऱ्याने सांगितलं. आई गेल्या त्या रात्री आबांना अंधारात फोन सापडत नव्हता. तो हॉलमध्ये चार्जिंगला होता. आम्ही तेव्हा वेगळे राहत होतो. १०८ ला फोन लागेपर्यंत किती वेळ गेला, ते आबा आजही मिनिटांत सांगतात. तेव्हापासून फोन उशाखाली.

सोळा वर्षं या कुटुंबात आहे आणि हे मला आज कळलं. आता तर फोन मागायचं तोंडही राहिलं नाही.


तळजाई_सकाळ
गुरुवार, रात्री १०:४०

आबांना रात्रीसाठी बटणांचा साधा फोन घेऊन द्या. तेराशे-पंधराशेत मिळतो, बॅटरी चार-चार दिवस टिकते. नंबर दाबून धरला की थेट तुम्हाला लागेल असं करून देता येतं. तो उशाखाली राहील. मोठा फोन रात्री बाहेर.


बॅक_एंड
गुरुवार, रात्री ११:३०

मी बाणेरला एका गेम कंपनीत काम करतो, म्हणून हे लिहिणं मला कर्तव्य वाटतं.

तुमचा मुलगा जे खेळतोय ते बहुधा चौघांच्या संघाचं असेल. तशा खेळात मोठ्या नकाशावरचा एक डाव पंचवीस-तीस मिनिटांचा असतो. मधे थांबवता येत नाही. आई आत्ता ठेव म्हणाली आणि त्याने ठेवला, तर इतर तिघं त्याच्यामुळे हरतात. म्हणून तो "दोनच मिनिटं" म्हणतो, तुम्हाला ते खोटं वाटतं आणि भांडण होतं. वेळ सांगायची तर डाव सुरू व्हायच्या आधी सांगा. दोन डाव, मग बंद. मिनिटांपेक्षा डाव मोजलेले मुलांना न्याय्य वाटतात.

बाकीचं आमच्या बाजूचं. रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकला तर सलग दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून. पेटी उघडली की कधी काही निघतं, कधी नाही. कधी मिळेल हे ठरलेलं नसलेलं बक्षीस सगळ्यात घट्ट धरून ठेवतं, हे स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत कधीच दाखवून ठेवलंय. आमच्याकडे दर सोमवारी तक्ता येतो, किती लोक परत आले आणि किती वेळ थांबले. तो आकडा वाढला की आमचं कौतुक होतं. तेरा वर्षांच्या मुलाची इच्छाशक्ती एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला पगार घेऊन बसलेली माझ्यासारखी दोनशे माणसं. त्याला आळशी किंवा बेजबाबदार म्हणू नका, एवढीच विनंती. मला स्वतःला चार वर्षांची मुलगी आहे. तिला मी अजून फोन हातात दिलेला नाही.


धायरीचा_बाप
शुक्रवार, सकाळी ८:५०

बॅक_एंड, प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. पण मग सरकारने काही करायला नको का? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खाती ठेवायला बंदी केली. आपल्याकडे सगळं आईबापांच्या गळ्यात.


बॅक_एंड
शुक्रवार, सकाळी ९:१५

कायदा हवाच, या मताचा मीही आहे. पण या घरातलं खातं आबांच्या नावावर आहे. तिथे वय सत्तरीच्या पुढचंच दिसणार.


कडेगावची_लेक
शुक्रवार, दुपारी १२:२५

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. आमच्या जवळच्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा. ठराव बायकांनी ग्रामसभेत उचलून धरला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक सुरुवातीला घरोघर फिरून सांगायचे.

त्यातली महत्त्वाची गोष्ट मला अशी वाटते की भोंगा मोठ्यांनाही लागू आहे. मुलगा अभ्यासाला आणि बाप मालिकेसमोर, असं नाही. पुण्यात भोंगा कोण वाजवणार हे खरंच. पण आमच्या सिंहगड रोडच्या घरात आम्ही आठ ते नऊ पाळतो. नवऱ्याला सगळ्यात जड गेलं, मुलांना नाही.


वनाझजवळची
शुक्रवार, दुपारी १:५०

आमच्याकडे आठ ते नऊ होणार नाही. नवऱ्याचे अमेरिकेचे कॉल साडेआठला सुरू होतात, माझे मंगळवार-गुरुवार. पण हे लिहितानाच जाणवलं की मुलाच्या फोनला साडेनऊची कुलपं लावून मी स्वतः साडेदहापर्यंत कानात हेडफोन घालून बसलेली असते. आबांशी मी शेवटचं निवांत कधी बोलले ते आठवून बघितलं. बिलं, औषधं, गॅस, दूध, एवढंच आठवलं.


एकोणीस
शुक्रवार, रात्री ९:०५

मी इथे नेहमी फक्त वाचतो. आज लिहितो, कारण तो मुलगा मी होतो.

दहावीत असताना बाबांचा जुना फोन माळ्यावरून काढून मी वर्षभर रात्री खेळायचो. घरात कोणालाही माहीत नव्हतं. मार्क घसरले तेव्हा सापडलं. बाबांनी फोन फोडला. मग मी क्लासच्या मधल्या सुट्टीत मित्राच्या फोनवर खेळायला लागलो, आणि घरी खोटं बोलायला शिकलो ते वेगळंच.

काकू, एक विचारा त्याला, रागाने नाही. कोणाबरोबर खेळतो? माझ्या संघात एक नाशिकचा होता, एक बिदरचा, एक माझ्याच शाळेतला, ज्याच्याशी मी शाळेत कधी बोललो नव्हतो. शाळेत मी शेवटच्या बाकावरचा. कोणी मला कशात घ्यायचं नाही. रात्री अकराला मात्र तिघं माझी वाट बघायचे. मी नकाशा चांगला वाचायचो, मी सांगेन तिकडे जायचे. फोन फुटला तेव्हा मला गेम गेल्याचं दुःख नव्हतं. त्या तिघांना सांगताही आलं नाही याचं होतं.

सुटलं कसं? माझा काका दर रविवारी सिंहगड चढतो, आतकरवाडीच्या पायवाटेने. पहाटे साडेपाचला खाली गाडी लावून उभा राहायचा. पहिले दोन-तीन रविवार मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तोही बोलला नाही, उपदेश तर नाहीच. वर गेल्यावर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि परत. पहाटे उठायचं म्हणून शनिवारी लवकर झोपायला लागलो. महिन्याभराने त्याने माझ्या हातात वाट दिली. पावसात धुक्यात काही दिसत नव्हतं, म्हणाला, तू पुढे हो, तुला वाट कळते. मला ते अजून आठवतं.

गेम अजून खेळतो, कधीतरी. पण रात्रीचं सुटलं.


पेठेतली_बाई
शुक्रवार, रात्री ९:३०

बाळा, हे तू लिहिलंस याचा फार आनंद झाला.


छोटीची_आजी
शनिवार, सकाळी ७:२०

थोडं अवांतर. आमची नात पावणेतीन वर्षांची. घास भरवताना समोर फोन लागतोच, नाहीतर तोंड उघडत नाही. शब्द जेमतेम पाच-सहा बोलते. सून म्हणते मुलं उशिरा बोलतात. काय करावं?


पेठेतली_बाई
शनिवार, सकाळी ८:००

वाट बघत बसू नका. या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानांची तपासणीही करून घ्या. कारण काय ते तेच सांगतील, फोनमुळेच असं मी म्हणणार नाही. पण भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं स्पष्ट आहे: दोन वर्षांखाली स्क्रीन अजिबात नको, नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल तेवढा अपवाद. दोन ते पाच वयाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. मूल बोलायला शिकतं ते समोरच्याने उत्तर दिल्यामुळे. फोनमधलं गाणं तिच्या 'ऊं'ला उत्तर देत नाही. फोनऐवजी खिडकीतला कावळा दाखवा. दोन दिवस कमी जेवेल, चालेल. वेगळा धागा काढा, अनेकजणी लिहितील.


वनाझजवळची
रविवार, रात्री ९:४०

चार दिवसांत काय झालं ते सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत.

बटणांचा फोन शुक्रवारी आणला. पहिल्या बटणावर नवरा, दुसऱ्यावर मी, तिसऱ्यावर १०८. आबांनी अंधार करून तीनदा दाबून बघितलं आणि उशाखाली ठेवला. आता मोठे फोन, चारही, स्वयंपाकघरात मिक्सरशेजारच्या प्लगला. आमचे कॉल संपले की आमचेही. नवऱ्याचा शुक्रवारी पावणेबाराला ठेवला गेला, पण ठेवला.

मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शनिवारी मी त्याला विचारलं, एकोणीसने सांगितलं तसं, की तू कोणाबरोबर खेळतोस. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्यांना सांगायला एक दिवस देशील? असं न सांगता गेलो तर त्यांना वाटेल मी सोडून दिलं." मी म्हटलं, आज रात्री नऊला हॉलमध्ये बसून खेळ. दोन डाव. मी शेजारी बसते, चालेल? त्याने खांदे उडवले.

मी बसले. मला त्यातलं काही कळलं नाही. पण इअरफोन काढून त्याने स्पीकरवर लावलं होतं, आणि एका मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "आबा झोपले का?" त्या मुलांना आबा माहीत आहेत. सुरुवातीला आबा जागेच असायचे, डाव संपला की विचारायचे, जिंकलात का रे. मुलांनी त्यांना त्यांच्या काळच्या खेळांबद्दल विचारलं होतं आणि आबांनी सूरपारंब्या समजावून सांगितल्या होत्या, रात्री साडेअकराला. मुलांची त्यांच्याशी ओळख होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मुलाने त्यांना सांगितलं की यापुढे फक्त शुक्रवार-शनिवार नऊ ते दहा. एकजण चिडला, एकजण म्हणाला माझी आईपण हेच म्हणते. दुसरा डाव ते हरले. त्याने फोन स्वतः नेऊन प्लगला लावला. हे असंच राहील असं मी अजिबात धरून चाललेली नाही. आज दुपारी त्याने दोनदा माझा फोन मागितला आणि दोनदा आवाज चढला, त्याचाही आणि माझाही.

आज सकाळी आबा आणि तो वनाझहून मेट्रोने गेले. महापालिकेला उतरून नव्या पुलावरून शनिवारवाडा, तिथून अप्पा बळवंत चौक. आबा पूर्वी नोकरीला याच रस्त्याने सायकलवर जायचे. परत यायला एक वाजला. दोघांचे चेहरे उन्हाने लाल झाले होते. नंबरासाठी बुधवारची वेळ घेतली आहे. चष्मा_आणि_उजेड, तुमचं सगळं कागदावर लिहून नेणार आहे.

सकाळी उठणं अजून कठीणच आहे, उद्या सहा चाळीसला कळेल.

एक गोष्ट राहिली. आबांची माफी मी अजून मागितलेली नाही. ते नीट बोलतात, जेवतात, पण माझ्याकडे बघून बोलत नाहीत. आज जेवताना दोनदा शब्द ओठांवर आले आणि मुलगा समोर होता म्हणून राहिले. ते वाक्य मी मुलासमोर बोलले होते, तर माफीही त्याच्यासमोर मागायला हवी, हे कळतंय. उद्या चहाच्या वेळी बघते.


पेठेतली_बाई
रविवार, रात्री १०:०५

आबा किती वाजता उठतात? तुम्ही त्यांच्याआधी उठा आणि चहा तुम्ही टाका. मुलालाही उठवा. बस सहा चाळीसची आहे, म्हणजे त्याला उठायचंच आहे.


वनाझजवळची
रविवार, रात्री १०:१२

पाचला उठतात. गजर लावायला फोन हवा होता, तो स्वयंपाकघरात ठेवलाय. आबांच्या कपाटात सासूबाईंचं चावीचं घड्याळ आहे, ते मागून आणते.